मैदान गावाचे, पाळी कोणाची?

नोकरीनिमित्त विलायतेत राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात दोन महिने जाऊन राहण्याचा बेत पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत आता नवलाईचा राहिलेला नाही. अशा घरातील एखाद्या निवृत्त गृहस्थाला गोल्फचा नाद असला, तर स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी जाऊन तेथील ‘ओल्ड कोर्स’वर एक डाव खेळावा, अशी त्याची मनीषा असते. या खेळाची पंढरीच ती. बेत आखताना तो पहिली चौकशी करतो ती अशी, की तेथल्या एखाद्या सभासदाशी कोणाची ओळख निघते का? त्याच्या अनुभवातील गोल्फचे मैदान म्हणजे उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी, आत सभासद आणि त्यांचे पाहुणे, आणि बाहेर उरलेले सारे गाव. मिळणारे उत्तर त्याला चकित करते. ओळखीची गरज नाही. मैदान कोणत्याही क्लबाचे नाही. जगातील सर्वांत नामांकित गोल्फ मैदानाची जमीन फाइफ कौन्सिल या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीची असून, तिचा कारभार संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले एक विश्वस्त मंडळ पाहते. खेळायचे असेल तर नाव नोंदवावे आणि सोडतीची वाट पाहावी.

गोल्फ हा धनिकांचा खेळ. त्याच्याशी श्रमिकांच्या चळवळीचा संबंध काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु येथे प्रश्न खेळाचा नसून जमिनीचा आहे. गावाची जमीन गावाच्या नावावर राहणे आणि ती गावाच्या वापरात राहणे यांत किती अंतर पडू शकते, आणि ते अंतर कमी करण्यासाठी काय करावे लागते, याचा सुमारे पावणेपाचशे वर्षांचा लेखी इतिहास या एका मैदानापाशी उपलब्ध आहे. सार्वजनिक मालकीचा आग्रह धरणाऱ्यांनी तो डोळ्यांखालून घालणे अगत्याचे आहे.

सोडतीची रीत

सेंट अँड्र्यूजला जाण्याचा बेत करणाऱ्याने प्रथम तेथली रीत समजून घ्यावी. ज्या दिवशी खेळायचे त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोन वाजेपर्यंत नाव द्यायचे. किमान दोघांचा आणि जास्तीत जास्त चौघांचा गट हवा. प्रत्येकापाशी हँडिकॅपचा, म्हणजे खेळातील आपली पातळी दाखविणारा, अधिकृत दाखला असावा. त्याच दिवशी सायंकाळपर्यंत सोडतीचा निकाल लागतो. नाव निघाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज करावा. या सोडतीत कारखानदाराची चिठ्ठी आणि टपाल खात्यातील कारकुनाची चिठ्ठी एकाच डब्यात पडते. म्हणून जाणते प्रवासी एका दिवसाचा बेत करीत नाहीत. चार-पाच दिवस हाताशी ठेवतात, आणि मधल्या दिवसांत त्याच विश्वस्त मंडळाच्या न्यू, ज्युबिली, ईडन अशा शेजारच्या मैदानांवर खेळतात.

एकट्याने आलेल्या खेळाडूसाठी पूर्वी निराळी प्रथा होती. पहाटे मैदान सुरू होण्याआधी येऊन रांग लावायची आणि दोघातिघांच्या गटात एखादी जागा रिकामी असेल तर तीत शिरायचे. पुढे पुढे ही रांग आदल्या रात्रीच लागू लागली. थंडीवाऱ्यात रात्रभर तिष्ठत बसणाऱ्यांच्या हकिगती खेळाच्या दंतकथांत जमा झाल्या. २०२४ साली मंडळाने ही रांग बंद करून एकट्यांसाठीही रोजची सोडत सुरू केली. जुन्या मंडळींना त्याची हळहळ वाटली, आणि ती समजण्याजोगी आहे. जो कष्ट सोसेल त्याला फळ मिळेल, या भावनेत एक न्याय आहेच. परंतु रात्रभर उघड्यावर बसण्याची शारीरिक ताकद आणि दुसऱ्या दिवशी कामावर न जाण्याची मुभा सर्वांना सारखी नसते, हे रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगांत उभे राहिलेल्या पिढीला कोणी समजावून सांगायला नको. वस्तू थोडी आणि मागणारे अनेक अशी स्थिती असली, की वाटपाचे तीनच मार्ग उरतात: पैसा, वशिला आणि पाळी. पाळी ठरविण्याची रीत कोणती असावी याचा वाद नेहमी चालू राहील. पैसा आणि वशिला यांना दूर ठेवण्याचा प्रयत्न येथे निदान झाला आहे, ही त्यातील लक्षणीय गोष्ट.

आता रविवार. या दिवशी ओल्ड कोर्सवर एखादी मोठी स्पर्धा नसली, तर गोल्फ खेळले जात नाही. ख्रिस्ती धर्मातील विश्रांतिवाराच्या प्रथेत याचे मूळ आहे, आणि आठवड्यातून एक दिवस हिरवळीला विसावा मिळावा, हेही कारण सांगितले जाते. परिणाम मात्र निखळ लौकिक आहे. त्या दिवशी ते मैदान गावाचे उद्यान होते. बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, कुत्री फिरवणारी म्हातारी माणसे, पळापळ करणारी मुले त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर मोकळेपणी वावरतात. एरवीच्या दिवशीसुद्धा पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांवरून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड असे त्याचे नाव. समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी माणसे आणि वाहने त्यावरून जातात. लाखोंचा खेळाडू असला तरी तो रस्ता मोकळा होईपर्यंत थांबतो. ही वहिवाट आहे, आणि तिच्यापुढे खेळाला थांबावे लागते.

गायरान आणि ससे

ही वहिवाट कोणा राजाच्या औदार्यातून आलेली नाही. ‘लिंक्स’ म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा, खुरट्या गवताचा पट्टा. नांगराला निरुपयोगी, म्हणून सर्वांचा. आपल्याकडील गायरानासारखाच त्याचा वापर होता. ओढ्याकाठी बायका धुणे वाळत घालीत, पोरे चेंडू मारीत. हा चेंडूचा नाद इतका वाढला, की १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली. लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात वेळ दवडू नये, हा हेतू. बंदी घालावी लागावी इतका हा खेळ सामान्यांमध्ये रुजलेला होता, ही गोष्ट गोल्फला जन्मतः अभिजनांचा खेळ समजणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

१५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला या पट्ट्यावर ससे सोडायचे होते. त्यासाठी त्याने नगरवासीयांची संमती घेतली, आणि त्या लेखी सनदेत गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर सर्व खेळ खेळण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. हक्क आधीपासूनचा होता. सनदेने तो कागदावर आणला एवढेच. पण तो कागद पुढे फार उपयोगी पडला.

१७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने लिंक्सची जमीन विकून टाकली. दोन वर्षांतच ती ससे पाळून विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. मैदानभर सशांची बिळे झाली. मग सुरू झाला तो इतिहासात ‘सशांचे युद्ध’ म्हणून ओळखला जाणारा झगडा. नगरवासी ससे मारू लागले, मालक दाद मागू लागले, हातघाईचे प्रसंग आले, आणि खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन पोहोचला. न्यायालयाने वाद पूर्णपणे मिटविला नाही. अखेर १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीचा जमीनदार जेम्स चीप याने जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. हा जमीनदार स्वतः गोल्फप्रेमी निघाला, हे गावाचे नशीब. परंतु ज्या हक्काचे रक्षण मालकाच्या छंदावर अवलंबून असते, तो हक्क केव्हाही धोक्यात येऊ शकतो.

तो धोका १८९३ मध्ये पुढे उभा राहिला. रॉयल अँड एन्शंट हा उमराव आणि सद्गृहस्थांचा क्लब. १७५४ साली बावीस जणांनी तो स्थापन केला होता आणि १८३४ पासून राजाश्रयामुळे त्याला हे भारदस्त नाव मिळाले होते. या क्लबाने चीप घराण्याकडून लिंक्सची जमीन विकत घेतली. नगरपरिषदेने गप्प न बसता संसदेकडे धाव घेतली, आणि १८९४ च्या कायद्याने जमीन पुन्हा गावाच्या मालकीची झाली. तडजोड अशी ठरली, की मैदानाची निगा क्लबाने राखावी, नवे दुसरे मैदान क्लबाने स्वतःच्या खर्चाने बांधावे, आणि नगरवासीयांनी विनामूल्य खेळावे. पुढे १९१३ पासून पाहुण्यांकडून आणि १९४६ पासून नगरवासीयांकडूनही शुल्क घेतले जाऊ लागले. १९७४ साली स्कॉटलंडमधील स्थानिक स्वराज्याची फेररचना होत असताना जुनी नगरपरिषद नाहीशी होणार, तेव्हा मैदान दूरच्या कोणा कचेरीच्या मर्जीवर जाऊ नये म्हणून स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि आजचे विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. आठ विश्वस्तांपैकी तीन कौन्सिलचे, तीन क्लबाचे, एक स्कॉटिश सरकारने नेमलेला आणि एक त्या मतदारसंघाचा संसद सदस्य. नफा वाटून घेणारे भागधारक नाहीत; शिल्लक मैदानांवरच खर्च होते.

विणकराचा मुलगा आणि चिकाचा चेंडू

कायद्याने दार उघडले, तरी आत जाण्याचे साधन हाती असावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू म्हणजे कातड्याच्या छोट्या पिशवीत ठासून भरलेली पिसे. कुशल कारागीर दिवसभरात असे मोजकेच चेंडू करू शके, आणि पावसात भिजला की चेंडू उसवे. साहजिकच तो गरिबाला परवडत नसे. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता, तापवून पुन्हा घडवता येई. वसाहतीतील मजुरांच्या घामातून आलेल्या या मालाने स्कॉटलंडमधील मजुरांना एक खेळ परत मिळवून दिला, हा इतिहासाचा विचित्र न्याय.

त्या चेंडूवरून एक भांडणही झाले. विणकराचा मुलगा टॉम मॉरिस हा पिसांचे चेंडू करणाऱ्या ॲलन रॉबर्टसनकडे उमेदवारी करीत होता. नव्या चेंडूने आपला धंदा बुडणार म्हणून मालक चिडलेला, आणि टॉम नव्या चेंडूने खेळताना सापडला. दोघांचे बिनसले, टॉम गाव सोडून गेला. पुढे तोच सेंट अँड्र्यूजला मैदानाचा रखवालदार म्हणून परतला, १९०३ पर्यंत त्याने ते काम केले, आणि चार वेळा ओपन स्पर्धाही जिंकली. आज जगभर पूजिली जाणारी ती हिरवळ या कामगाराच्या हातची आहे. गावातील कारागिरांनी तर १८४३ सालीच आपला ‘मेकॅनिक्स गोल्फ क्लब’ काढला होता. त्यांना स्वतःचे मैदान घ्यावे लागले नाही. उमरावांचा क्लब ज्या हिरवळीवर खेळे, तिच्यावरच सुतार आणि रंगारीही खेळत. क्लब अनेक, मैदान सर्वांचे: ही व्यवस्था ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडे नेमके याच्या उलट घडले.

पाळीला लागलेली कीड

येथवरची हकिगत ऐकून कोणी सेंट अँड्र्यूजला समाजवादाचे नंदनवन समजू नये. ऐन हंगामात ओल्ड कोर्सवर एक डाव खेळण्याचे पाहुण्याचे शुल्क आता ३०० पौंडांच्या वर गेले आहे. सोडतीत कारकुनाची चिठ्ठी कारखानदाराच्या चिठ्ठीशेजारी पडते खरी. पण एवढे शुल्क भरण्याची तयारी असलेला कारकूनच ती टाकू शकतो. शिवाय काही पाळ्या अधिकृत प्रवासी व्यावसायिकांमार्फत, हॉटेलातील मुक्कामासह, हमखास मिळण्याची सोय आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला सोडतीची धाकधूक नको. म्हणजे पुढच्या दाराने पाळी, आणि बाजूच्या दाराने पैसा.

मंडळाची बाजूही ऐकली पाहिजे. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या या पैशावरच स्थानिकांना वर्षभराचे तिकीट काही शे पौंडांत देता येते, नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी बालगोव्ह हे नऊ होलचे छोटे मैदान चालविता येते, आणि करदात्यांवर बोजा पडत नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. परदेशी श्रीमंताकडून घ्यावे आणि गावच्या पोरांना द्यावे, यात अन्याय कोणता? अन्याय निराळ्या ठिकाणी आहे. ज्या सवलतीचा आधार गावातील रहिवास हा आहे, त्या गावातील घरेच स्कॉटलंडमधील सर्वांत महागड्या घरांत मोडू लागली आहेत. पाहुण्यांसाठी राखलेली भाड्याची घरे, विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची गर्दी आणि गोल्फची कीर्ती या तिहींनी मिळून ती महाग केली. १९६९ मध्ये गावाची रेल्वेही बंद झाली. आज पाहुण्याला ल्यूकर्स स्थानकावर उतरून बसने गावात यावे लागते. ज्याला गावात घर परवडत नाही तो कॅडी, तो माळी, ती हॉटेलातील वाढपी बाहेरून येऊन मैदानाची सेवा करतात, आणि स्थानिक या व्याख्येतून मात्र निसटतात. मैदान सार्वजनिक राहिले आणि गाव खासगी झाले, तर सनदेतील ‘नगरवासी’ हा शब्द श्रीमंतांचा पर्याय होऊन बसेल.

स्त्रियांची कथाही अशीच. १८६७ साली त्यांच्यासाठी हलक्या फटक्यांच्या खेळाचा एक वेगळा क्लब निघाला. उंचसखल हिरवळीमुळे त्या जागेला ‘हिमालय’ असे नाव पडले, आणि आजही थोडक्या पैशांत कोणीही आजी-नातवंडे तेथे जाऊन खेळू शकतात. परंतु आठ विश्वस्तांपैकी तीन जागा ज्याच्या हाती, त्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव केला तो २०१४ साली. म्हणजे मैदानावर सर्वांना मज्जाव नसतानाही मैदानाचा कारभार ठरविणाऱ्यांत चाळीस वर्षे एक पुरुषांचा क्लब बसलेला होता.

ठरावाने दार उघडत नाही

मालकी नगरपालिकेची झाली की मैदान आपोआप जनतेचे होते, हा भ्रम अमेरिकेने अधिक कठोरपणे दूर केला आहे. सेंट अँड्र्यूजने १९५८ साली बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूला गावाचे मानद नागरिकत्व दिले. त्याच्या जन्मगावी, अटलांटात, नगरपालिकेने त्याच्या नावाचे एक मैदान उभारले होते. १९५१ साली डॉ. हॅमिल्टन होम्स हे कृष्णवर्णीय डॉक्टर आपल्या दोन मुलांसह तेथे खेळायला गेले, तेव्हा त्यांना परत पाठविण्यात आले. ते कर भरत होते, मैदान कराच्या पैशावर चालत होते, आणि तरीही त्यांची पाळी येणार नव्हती. त्यांनी खटला भरला. खालच्या न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाचा आधार घेऊन कृष्णवर्णीयांना स्वतंत्र सोय करून देण्याची मुभा नगरपालिकेला ठेवली. नोव्हेंबर १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा काढून घेतली, आणि त्या वर्षीच्या नाताळात होम्स बंधू अटलांटाच्या सार्वजनिक मैदानावर खेळले. डॉक्टरांचा नातू, आजोबांच्याच नावाचा, १९६१ साली जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक ठरला. गोल्फच्या काठीने ठोठावलेले दार विद्यापीठापर्यंत उघडत गेले.

महाराष्ट्राला हा धडा अटलांटाकडून घेण्याची गरज नव्हती. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. तळे नगरपालिकेचे, ठराव नगरपालिकेचा, आणि पाण्याला हात लावण्याची मात्र कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह त्या पाण्याची ओंजळ भरली, तेव्हा ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ उजाडले. तळ्याच्या पाण्याची आणि गोल्फच्या डावाची तुलना गरजेच्या दृष्टीने होऊ शकत नाही. परंतु दोन्हीकडे सूत्र एकच: सार्वजनिक वस्तू वापरून दाखविल्याखेरीज सार्वजनिक होत नाही.

आपल्याकडील मैदाने

मुंबईच्या एस्प्लनेड मैदानाचा इतिहास या संदर्भात आठवावा. १८८० च्या दशकाच्या आरंभी तेथे मूठभर युरोपीय अधिकारी पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी शेकडो देशी पोरांची क्रिकेटची जागा उखडली जाई. शापूरजी सोराबजी आदी मंडळींनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. थोड्यांचा खेळ बहुतांच्या मैदानावर का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पुढे सरकारने जे केले ते मात्र उद्बोधक आहे. समुद्राकाठी एकेका जमातीच्या जिमखान्याला स्वतंत्र भूखंड मिळाले. मैदान सर्वांचे आणि क्लब अनेक, या सेंट अँड्र्यूजच्या व्यवस्थेऐवजी प्रत्येक क्लबाला आपले कुंपण मिळाले. सरकारी जमिनीवरील ती कुंपणे आजही उभी आहेत.

महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकर रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. त्यानंतर दशकभर वाद चालून २०२४ मध्ये त्यांपैकी १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचे ठरले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण उद्यानाचे फाटक कोणत्या वेळी आणि कोणासाठी उघडे राहील, हे ठरण्याचा काळ आता आहे. दिल्लीत भर राजधानीतील गोल्फ क्लब सरकारी जमिनीवर असून त्याच्या सभासदत्वासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते. त्याच शहरात दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडोसराय येथे पैसे भरून कोणालाही खेळता येईल असे कुतुब गोल्फ मैदान चालविले आहे. म्हणजे दुसरा मार्ग अशक्य नव्हता. दिल्ली गोल्फ क्लबावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. काठ्यांचे ओझे वाहता वाहता खेळ शिकलेल्या अशा किती मुलांना कधी पाळीच मिळाली नाही, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

एक आक्षेप येथे रास्त आहे. अठरा होलच्या मैदानाला शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. ज्या देशात माणशी पाण्याचा हंडा मोजून मिळतो, तेथे हिरवळीला पाणी घालावे काय? नवी मैदाने काढण्यापुरते या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच असले पाहिजे. सेंट अँड्र्यूजची वाळू, तिथला पाऊस आणि तिथले गवत निसर्गदत्त आहेत. सह्याद्रीच्या पठारावर ते कृत्रिमपणे निर्माण करणे म्हणजे शेजारच्या गावाची विहीर आटविणे. गोव्यात तेरेखोल येथे गोल्फच्या प्रकल्पाविरुद्ध ग्रामस्थांना झगडावे लागले, ते याच कारणाने. तेथे गायरान राखण्यासाठी गोल्फला विरोध करावा लागला. सेंट अँड्र्यूजमध्ये गायरान राखण्यासाठी गोल्फ खेळत राहावे लागले. तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

ब्रिटनमध्येही आज हा वाद धुमसतो आहे. एडिंबराच्या नगरपरिषदेने १८८९ साली ब्रेड हिल्सची टेकडी खास नागरिकांच्या खेळासाठी विकत घेतली. तशी साधी, बिनडौलाची, सोडतीवाचून खेळता येणारी नगरपालिकांची मैदाने देशभर पसरली. २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत त्यांपैकी कित्येक बंद झाली किंवा ठेकेदारांकडे गेली. त्या जागी घरे बांधावीत, असे म्हणणारेही आहेत, आणि परवडणारी घरे खरोखरच होणार असतील तर त्यांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. परंतु गरिबाचे मैदान विकून श्रीमंताची इमारत उभी राहावी, यात समाजाचा लाभ कोणता? नामांकित मैदान पाहुण्यांच्या पैशावर तरते. बिननावाचे मैदान नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात पहिल्या कात्रीला बळी पडते. खरी कसोटी त्या बिननावाच्या मैदानाची आहे.

चार प्रश्न

तात्पर्य, कोणत्याही सार्वजनिक मैदानाविषयी चार प्रश्न विचारावेत. जमीन कोणाच्या नावावर आहे? पाळी कोणत्या रीतीने ठरते? शुल्क कोणाला परवडते? आणि जो खेळत नाही, त्याला त्या जमिनीवर पाऊल टाकण्याचा हक्क कोणत्या दिवशी आहे? नगरपालिकांत निवडून गेलेल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील क्रीडासंकुल, तरणतलाव, नाट्यगृह आणि जिमखाना यांना हे चार प्रश्न लावून पाहावेत. भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचा विषय सभेपुढे येतो तेव्हा तो बहुधा कार्यसूचीच्या शेवटी, घाईच्या वेळी असतो. त्या वेळी पाळी, शुल्क आणि खुला दिवस या तीन अटी करारात घालून घेण्याइतकी जागरूकता ठेवली, तरी पुष्कळ साधेल. सेंट अँड्र्यूजच्या नगरवासीयांनीही एकदा जमीन घालविली होती, तीही आपल्याच नगरपरिषदेच्या हातून. परत मिळविण्यास त्यांना सत्त्याण्णव वर्षे लागली.

आणि तो निवृत्त गृहस्थ? त्याने बेत करावा, सोडतीत नाव द्यावे, नाव निघाल्यास आनंदाने खेळावे. नाव न निघाल्यास त्याने रविवारी ओल्ड कोर्सवर जावे. त्या दिवशी काठी लागत नाही, हँडिकॅपचा दाखला लागत नाही, पैसेही पडत नाहीत. नातवाचा हात धरून अठराव्या होलच्या हिरवळीपर्यंत चालत जावे. गावाला परतल्यावर मात्र आपल्या जिमखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहून त्याने एकच सूचना मांडावी: आठवड्यातून एक दिवस हे फाटक सर्वांना उघडे ठेवा. त्या सूचनेला अनुमोदन देणारा एक तरी हात वर होतो की नाही, यावरून आपल्या सार्वजनिक जीवनाची प्रकृती कळेल.